दिघाशीच्या भागीबाईंचे देवमासे

हे बोलणं माझं आहे आणि अक्षर माझ्या मुलीचं. मी खाटेच्या कडेला बसून सांगतो, प्रांजल लिहिते, मग वाचून दाखवते. मधेच शब्द अडला की ती पेन खाली ठेवते आणि वाट बघते. स्वतःहून सुचवत नाही. एवढं साधायला आम्हा बापलेकीला आठ महिने लागले.

ज्यांच्या घरात कुणाची तरी वाचा गेली आहे त्यांच्यासाठी हे आहे. औषधांची नावं यात नाहीत, ती डॉक्टर सांगतील. मला सांगायचंय ते एका बाईंबद्दल.

अंजूरची भिंत

मी विलास. भिवंडीत मला विलास पेंटर म्हणतात. तीस वर्षं अक्षरं रंगवली. दुकानांच्या पाट्या, लूमच्या कारखान्यांची दारं, ट्रान्सपोर्टचे बोर्ड, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार. मराठी, हिंदी, इंग्रजी यायचं. उर्दू वाचता येत नव्हतं, पण गिऱ्हाइकानं कागदावर लिहून दिलं की वळणासकट उतरवायचो. फ्लेक्स आले तेव्हा पाट्यांचं काम गेलं, पण अंजूर-कशेळीकडे शेतांच्या जागी गोदामं उठत होती आणि उघड्या भिंतीवर फ्लेक्स टिकत नाही, वाऱ्यानं फाटतो. त्यामुळे माझं बरं चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी अंजूरला एका गोदामाबाहेर शिडीवर होतो. ‘धूम्रपान करू नये’ एवढंच लिहायचं होतं. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की लिहिताना डोक्यात दुसरंच काही चालू असायचं. खालून एक हमाल हसत म्हणाला, “पेंटर, ये कौनसी भाषा है?”

मी भिंतीकडे बघितलं. मला सगळं ठीक दिसत होतं. मराठी आहे, असं त्याला सांगायला गेलो आणि तोंडातून जे आलं ते मलाच कळलं नाही. मग ब्रश पडला. मला वाटलं हात घामानं निसटला असेल. वाकून बघतो तर उजवा हात शिडीच्या बाजूला नुसता लोंबत होता.

त्या हमालानंच मला खाली उतरवलं. त्याचं नाव मला अजून माहीत नाही. शिडीवरून माझं अंग त्यानं खांद्यावर घेतलं आणि गोदामाच्या टेम्पोत घातलं. अंजूरफाट्याला गाड्या तुंबलेल्या होत्या. तो खाली उतरून पुढच्या गाड्या बाजूला करत चालत होता. त्याचा आवाज मला ऐकू येत होता आणि त्यातला शब्द न् शब्द कळत होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे बरेच महिने लोकांना वाटत राहिलं की मला काही कळत नाही.

पांढरा

ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलात बारा दिवस होतो. डोक्याच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. रोज सकाळी डॉक्टर यायचे आणि विचारायचे, “नाव काय तुमचं?” मला नाव ठाऊक होतं. आत ते स्वच्छ दिसत होतं. पण तोंड उघडलं की यायचं, “पांढरा.”

चहा हवा तरी पांढरा. लघवीला जायचंय तरी पांढरा. बायको समोर उभी, तिचं नाव रेखा, तीस वर्षांत किती हजार वेळा मारलेली हाक, आणि तिलाही पांढरा. ती ओठ चावून हो हो म्हणायची.

वाचायला दिलं तर सगळी अक्षरं मला उर्दूसारखी झाली होती. आकार दिसायचा, वळण दिसायचं, हे कुणीतरी नीट लिहिलंय हेही कळायचं, पण काय लिहिलंय ते नाही. माझ्या खाटेसमोर भिंतीवर एक सूचना होती. बारा दिवस मी तिच्याकडे बघत होतो. एखाद्या परक्या गावात उतरल्यासारखं वाटायचं.

वॉर्डात झाडायला येणाऱ्या एक मावशी होत्या. त्या माझ्याशी सरळ बोलायच्या. आज गुरुवार, नळाला पाणी नाही, त्या पलीकडच्या आजोबांना उद्या घरी सोडणार. मी पांढरा म्हटलं तर म्हणायच्या, “असू दे पांढरा.” आणि फरशी पुसायला लागायच्या. बाकी सगळे माझ्या डोक्यावरून माझ्याबद्दल बोलत. मावशी माझ्याशी बोलत. बारा दिवसांत मला माणसासारखं वाटलं ते तेवढ्यापुरतं.

शिवी

घरी आलो. पाय हळूहळू जमिनीला टेकायला लागला. हात मात्र तसाच. भेटायला माणसं यायची. आमच्या गल्लीतले गायकवाड काका, विहाराचं सगळं बघतात, माझ्या वडिलांच्या वयाचे, ते काठी टेकत आले आणि दारातूनच म्हणाले, “जयभीम, विलास.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बाहेर आली ती सणसणीत शिवी. स्वच्छ, ठणठणीत, एकही अक्षर न अडखळता. महिन्याभरात मी बोललेलं पहिलं धड वाक्य.

नंतर बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं की असं होतं. शिव्या, प्रार्थना, पाढे हे डोक्यात वेगळ्या जागी राहतं म्हणे, कधीकधी तेवढंच वाचतं. पण त्या दिवशी आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. प्रांजल आतल्या खोलीत गेली. रेखा काकांची माफी मागत राहिली. काका “राहू दे, राहू दे” म्हणत गेले.

त्यानंतर मी कुणाला भेटलो नाही. दारावर कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचो. जेवणही पाठमोरा. घरात तीन माणसं आणि मी तिघांतला नव्हतो. रेखा शाळेत शिपाई आहे. ती सकाळी माझं सगळं आवरून जायची, दुपारी परत येऊन पुन्हा तेच. माझ्याशी मोठ्यानं बोलायची, जणू मला ऐकूच येत नाही. मी चिडायचो, हाताला लागेल ती वस्तू फेकायचो. एकदा वाटी तिच्या कपाळाला लागली. ती केस पुढे ओढून कामाला गेली. हे लिहायचं की नाही, असं प्रांजलनं विचारलं. मी म्हटलं, लिही.

गुरुवार

ठाण्याहून स्पीच थेरपीच्या मॅडम दर गुरुवारी भिवंडीतल्या एका दवाखान्यात यायच्या. प्रांजल कशेळीच्या गोदामात पार्सल स्कॅन करते. तिनं खटपट करून दुसरी शिफ्ट मागून घेतली आणि मला जवळजवळ ओढत नेलं.

मॅडम वयानं प्रांजलहून फार मोठ्या नव्हत्या. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते होते. कप, किल्ली, छत्री, कुत्रा. चित्र बघायचं आणि नाव सांगायचं. मला एकही जमेना. मग एक पत्ता आला, त्यावर देवमासा. मॅडम स्वतःच हसल्या. पत्त्यांचा संच परदेशातला आहे, आपल्याकडे कुणाला कधी देवमासा म्हणायची वेळ येणार, असं म्हणत त्यांनी तो बाजूला ठेवला. मी डाव्या हातानं तो परत ओढला.

निळा कागद आणि त्याच्या मधोमध एकच प्रचंड जनावर. वर काही नाही, खाली काही नाही. एवढं मोठं अंग आणि बोलायला कुणी नाही. मला घरातली माझी खाट आठवली.

घरी माझे डबे होते तसेच पडलेले. जुने फ्लेक्स गुंडाळून ठेवले होते, त्यांची मागची बाजू पांढरी असते. मी एक जमिनीवर पसरला आणि डाव्या हातात ब्रश धरला. रेष थरथरत गेली. शेपटी वाकडी आली. पण चित्रात अक्षर नसतं, चुकलं म्हणून कुणी हसत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा देवमासा काढला. मग रोज एक. सगळे एकटे, सगळे मधोमध.

रेखा एकदा पोळ्या लाटताना म्हणाली, “दिवसभर मासे काढता. एकदा माझ्याकडे बघा तरी.”

मी ऐकलं. बघितलं नाही.

हाय आणि न्हाय

दवाखान्याच्या व्हरांड्यात भागीबाई पहिल्यांदा दिसल्या. दिघाशीच्या. पासष्टीच्या असतील. शेतात राबलेलं काटक अंग, उजवा हात पदरात बांधलेला, डाव्या हातात काठी. बरोबर त्यांची सून सुगंधा. त्यांनाही माझ्यासारखाच झटका आलेला, माझ्याआधी सहा महिने. त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते. हाय आणि न्हाय.

मी तोवर पंधरावीस शब्दांपर्यंत आलो होतो आणि ते वापरायची लाज वाटून गप्प बसायचो. ही बाई दोन शब्दांवर अख्खा व्हरांडा चालवत होती. नंबर सोडून कुणी आत घुसायला लागला की काठी आडवी घालून “न्हाय.” कुणाचं पोर रडत असलं की त्याच्या गालाला बोट लावून “हाय, हाय, हाय,” आणि ते पोर गप्प व्हायचं. गावाकडची एखादी गोष्ट सुगंधा चुकीची सांगायला लागली की मधेच “न्हाय,” मग हातवारे, मग सुगंधा सुधारून सांगायची, मग समाधानाचं “हाय.” ऐकणारा हसून हसून बेजार. त्या शब्दांचा सूर बदलायच्या. तेच हाय कधी प्रश्न असायचं, कधी चिमटा, कधी सांत्वन.

माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, “हाय?”

मी तोंड फिरवलं. त्यांनी काठीनं माझ्या चपलेला टोचलं. “हाय?”

पुन्हा टोचलं. मी मान हलवेपर्यंत टोचत राहिल्या. मग शेजारी बसल्या आणि प्रांजलकडे बघून, हा आता माझ्या ताब्यात, अशा थाटात डोळे मिटले.

पुढच्या गुरुवारी प्रांजलनं माझा एक फ्लेक्स मॅडमना दाखवायला आणला. मॅडमना आवडला. भागीबाईंनी जवळ ओढून नीट बघितला, आणि म्हणाल्या, “न्हाय.”

मला राग आला. तीस वर्षं रंगात गेलेली, आणि ह्या बाई न्हाय म्हणतात. मी घरी जाऊन शेपटी सुधारली. पुढच्या गुरुवारी पुन्हा न्हाय. डोळा मोठा केला. न्हाय. पाणी नीट केलं, सावली घातली. न्हाय. पाच आठवडे असंच चाललं. त्यांना काय नको आहे ते सांगता येत नव्हतं आणि मला विचारता येत नव्हतं. पण एक झालं. आठवडाभर मी दुसरा विचार करत नव्हतो. गुरुवारी सकाळी मी स्वतःहून दाढी करायला लागलो.

म्हशी

मग एका गुरुवारी मॅडम जाता जाता म्हणाल्या की देवमासा खरं तर मासा नाहीच. तो श्वास घ्यायला वर येतो, पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो. त्याची हाक पाण्यातून फार लांबवर जाते आणि दुसऱ्याला कळते.

सुगंधानं सासूच्या कानाशी जाऊन सांगितलं, “आये, ह्यो मासा न्हाय. म्हशीवानी हाय. पोराला दूध पाजतंय.”

भागीबाई आधी माझ्या चित्राकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू लोटलं. इतकं हसल्या की सुगंधानं त्यांची पाठ चोळली. जागेवरच दुरुस्ती करावी म्हणून मी त्या दिवशी डबा, ब्रश आणि एक कोरा फ्लेक्स बरोबर आणला होता. हसून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. जन्मात कधी ब्रश धरला नव्हता. डाव्या मुठीत लाटण्यासारखा धरला आणि कोरा फ्लेक्स पसरून जमिनीवर बसल्या.

त्यांनी काढलेला पहिला देवमासा म्हणजे ओबडधोबड काळा गोळा. त्याच्या पोटाशी एक छोटा गोळा. आणि मोठा गोळा एका कुशीवर कललेला. म्हैस पारडूला पाजताना मागचा पाय सरकवून अंग सैल करते ना, तशी ती कलती रेघ. चित्रात पाय नव्हते, पण अंग सैल सोडलेलं दिसत होतं. मला तीस वर्षांत अशी रेघ मारता आली नव्हती.

मग त्याच्या मागे आणखी एक. त्याच्यापुढे दोन. एक नुसता अर्धाच, बाकीचा फ्लेक्सच्या बाहेर. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. सांज झाल्यावर गोठ्याकडे निघालेली गुरं जशी एकमेकांना घासत, ढकलत येतात तसे ते देवमासे चालले होते. त्यांच्यात एक जरा मागे पडलेला होता, आणि त्याच्या पुढच्यानं मान वळवून मागे बघितलं होतं.

भागीबाईंनी ब्रश खाली ठेवला. माझ्या आधीच्या देवमाशाकडे बोट दाखवलं. “न्हाय.” मग स्वतःच्या चित्राकडे. “हाय.”

पाच आठवड्यांनी मला उत्तर मिळालं. माझा धंदाच तसा होता. दुकानाचं नाव मधोमध, आजूबाजूला मोकळी जागा, काही अंगाला लागता कामा नये. देवमासाही मी पाटीसारखाच काढत होतो. जनावर असं एकटं अधांतरी नसतं, हे ज्या बाईनं आयुष्यभर गुरं वळली तिला बघताक्षणी खटकलं होतं. समुद्र त्यांनी कधी बघितला होता की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून गुरुवारी व्हरांड्यात आमचं काम सुरू झालं. त्या कळप काढायच्या, मी पाणी. त्या मला मधे लुडबुडू देत नसत.

एका गुरुवारी प्रांजलला शिफ्ट बदलून मिळाली नाही आणि रेखा आली. भागीबाईंनी तिला वर-खाली बघितलं, तिच्या कपाळावरच्या जुन्या खुणेपाशी नजर थांबली. मग माझ्याकडे बघितलं. ब्रश रेखाच्या हातात दिला.

रेखा नको नको म्हणत खाली बसली. तिनं ब्रश डब्यात पार मुठीपर्यंत बुडवला आणि वर काढला, रंग टपटप गळायला लागला, आणि माझ्या तोंडून आलं, “अगं, इतका रंग नको. काठाला पूस आधी.”

सगळे थांबले. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. रेखाचा ब्रश तसाच हवेत, रंग तिच्या साडीवर. मला स्वतःलाच काही क्षण कळलं नाही की हे कोण बोललं. रेखा हसायला लागली, मग रडायला, मग तिनं ब्रश खरंच काठाला पुसला. मी तिच्याकडे बघत होतो. कित्येक महिन्यांनी बघत होतो. ती बारीक झाली होती.

तिची माफी मागायला मला पुढे तीन आठवडे लागले. “वाटी” हा शब्द सापडत नव्हता. शेवटी मी वाटी हातात घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो. तिला समजलं.

दिघाशी

मग भागीबाई यायच्या थांबल्या. एक गुरुवार, दोन, तीन. मॅडमनी फोन केला तेव्हा कळलं की सुगंधाला पडघ्याकडच्या गोदामात पॅकिंगचं काम लागलंय, मुलगा आधीपासूनच ड्युटीवर, आणायला कुणी नाही. तब्येत बरी आहे.

मी घरी सांगितलं, जातो. रेखा म्हणाली, रविवारी आपण सगळे जाऊ. मी म्हटलं, एकटा. तिला भीती वाटत होती ती बरोबर होती. मी झटक्यानंतर गल्लीच्या टोकापलीकडे एकटा गेलो नव्हतो. प्रांजलनं एक कार्ड लिहून खिशात घातलं. ‘मला लकवा होऊन गेला आहे. मला सगळं समजतं. बोलायला वेळ लागतो, कृपया थांबा.’ असं कार्ड प्रत्येकानं जवळ ठेवावं. मला त्याचा फार उपयोग झाला.

वाडा रोडच्या शेअर रिक्षांपाशी गेलो. ड्रायव्हरनं कुठं जायचं विचारलं. घरी शंभर वेळा म्हटलेलं नाव पळालं. तोंडात दिवाळी आलं. मी कार्ड दाखवलं. त्यानं वाचलं, चालू केलेली रिक्षा बंद केली आणि म्हणाला, “सावकाश, काका.” मग एकेक नाव घ्यायला लागला.

“अंबाडी?”

“न्हाय.”

“दुगाड?”

“न्हाय.”

“दिघाशी?”

“हाय.”

मागे बसलेला माणूस शेजाऱ्याला म्हणाला, हे काका आपल्याकडचेच दिसतात. मी जन्माचा भिवंडीचा, घरात कुणी कधी हाय-न्हाय म्हटलेलं नाही. रिक्षा सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुणाची भाषा बोललो.

भागीबाईंचं घर विचारावं लागलं नाही. रस्त्यावरूनच भिंत दिसली. गेरू आणि चुना. जोत्यापासून हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत देवमासे, घराच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, आणि कोपऱ्याला वळून पुढे गोठ्याकडे गेलेले. किती असतील मोजले नाहीत. लहान, मोठे, कललेले, एकमेकांवर चढलेले. बसून काढलेले खाली, उभं राहून काढलेले वर. दिवसभर घरात कुणी नसायचं. तिन्ही आठवडे त्या बाई एकट्या, एका हातानं, हे करत होत्या.

त्या ओट्यावर होत्या. मला बघून उठल्या नाहीत, नुसती काठी वर केली. शेजारच्या दोन बायका आल्या. त्यातल्या एकीनं मला सांगितलं की म्हातारीनं म्हशी काढल्यात पण पाय काढायला विसरली. भागीबाई तिला बऱ्याच वेळा न्हाय म्हणून थकल्या असाव्यात, कारण या वेळी त्यांनी फक्त हात उडवला.

दुसरीनं माझ्याकडे बघून भागीबाईंना विचारलं, “ह्यो कोन? तुजा कोन लागतो?”

मला वाटलं, आता या काय करणार. पाहुणा म्हणायला शब्द नाही, दवाखान्यातला म्हणायला शब्द नाही. भागीबाईंनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

“हाय,” त्या म्हणाल्या.

“अगं पन कोन?”

“हाय.”

त्या बाईनं मान डोलावली आणि मला चहा आणायला गेली. तिला उत्तर पुरलं होतं. मला वर बघवेना. आजारी पडल्यापासून मी काय आहे हे कितीतरी लोकांनी सांगितलं होतं, पेशंट, लकवेवाले, बिचारा. मी आहे, एवढंच कुणी म्हटलं नव्हतं.

चहा झाल्यावर मी स्टुलावर चढलो. त्यांचा हात पोचत नव्हता ती वरची पट्टी मी चुन्यानं केली. पाण्याची कड, आणि श्वास घ्यायला वर आलेले तीन देवमासे. मी काढताना त्या खालून सांगत होत्या. हाय. हाय. न्हाय. हाय.

आता

माझा उजवा हात पूर्ण आला नाही. येईल असं वाटतही नाही. डाव्या हातानं मी आता अक्षरं काढतो, पूर्वीच्या निम्म्या वेगानं. जोडाक्षरं अजून चकवतात, ती आधी कागदावर गिरवतो. पेपरातल्या मोठ्या बातम्या वाचतो. थकलो की पांढरा परत येतो, आणि आम्ही तिघंही हसतो. गायकवाड काकांकडे मी स्वतः गेलो आणि दारात उभं राहून जयभीम म्हटलं. ते म्हणाले, त्या दिवशीचा जयभीमही मला पोचला होता.

भागीबाईंना तिसरा शब्द आला नाही. मॅडमनी फार प्रयत्न केले. मला आधी याचं वाईट वाटायचं. आता त्यांच्या ओट्यावर महिन्यातून एकदा जाऊन बसतो तेव्हा वाटत नाही. गावातली भांडणं त्या ओट्यावर मिटतात. सुगंधा म्हणते, आयेसमोर खोटं बोलायला माणूस घाबरतो, कारण ती मधेच न्हाय म्हणते.

मॅडमनी आमचे फ्लेक्स दवाखान्याच्या व्हरांड्यात लावलेत. गेल्या गुरुवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. लूमवर काम करणारे एक गृहस्थ आले होते, माझ्याच वयाचे, तीन आठवडे एक शब्द नाही. बाकाच्या मधोमध बसले होते, मान खाली. त्यांची बायको उभी होती. तिनं मला विचारलं, “भाईसाहब, ये बोलेंगे ना?”

मला खोटं बोलता आलं असतं. एवढे शब्द आता माझ्याकडे आहेत. मी हळूहळू, अडखळत सांगितलं, “पता नहीं, बहनजी. मगर सुनते सब हैं. मुझसे नहीं, इनसे बात करो.”

ती वाकली आणि त्यांना काहीतरी त्यांच्या बोलीत म्हणाली. मला ते कळलं नाही. त्यांनी मान वर केली. तिच्याकडे बघितलं, माझ्या लोंबत्या हाताकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीवरच्या देवमाशांकडे, बराच वेळ.

मग ते बाकावर थोडे सरकले, आणि माझ्यासाठी जागा केली.